बिनरेघेची पाहुणी

"सिस्टर, पुढच्या शुक्रवारनंतर माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊन टाका," हे म्हणाले. "मी पाहुणीला बोलावणं धाडलंय."

सिस्टर हसली. शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून पडलेले मास्तर डोळे न उघडता हसले. मीही हसले, पण सगळ्यांच्या मागून. समूहगीतात एखादी बाई ओळ संपून गेल्यावर शेवटचं अक्षर एकटीच म्हणते ना, तशी. ते हसू माझ्या तोंडात आलं कुठून, हे मला अजून कळलेलं नाही. ह्यांच्या डाव्या हातात दोन सुया होत्या. एका नळीतून रक्त मशीनकडे जात होतं, दुसरीतून परत येत होतं, आणि नेहमीप्रमाणे जाणारं नि येणारं मला सारखंच दिसत होतं. एवढा खटाटोप करून धुतलेलं रक्त जरा तरी उजळ दिसावं, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत आलंय. मांडीवर आमच्या साप्ताहिकाचा ताजा अंक, शेवटचं पान उघडलेलं. त्या पानावर पाहुणी कुणाच्या तरी दारात वाकून चपला काढत होती, आणि तिच्या तोंडचे शब्द माझ्या हाताने लिहिलेले होते.

पाहुणी म्हणजे मरण. आमच्याकडे ती दर आठवड्याला शेवटच्या पानावर येते. कवटी नाही, कोयता नाही, काळा झगा नाही. बुटकी, अंगाने भरलेली बाई, स्वेटरच्या बटणांत एक बटण वेगळ्या रंगाचं, खांद्याला कापडी पिशवी, जिने चढून आल्यामुळे दम लागलेला. दारात चपला काढते, पाणी मागते, टेकते. मग समोरच्या माणसाच्या हातात जे काम असेल त्याकडे बघून प्रत्येक भागात तेच एक वाक्य म्हणते : "घाई नाही. हातातलं होऊ द्या." मग शिंपीणबाई काज पुरं करते. बसचालक बस आगारात नेऊन लावतो. एक म्हातारं जोडपं भांडत होतं, त्यांना तिने भांडण पुरं करू दिलं, ते तीन अंक चाललं. हातातलं झालं की माणूस आपण होऊनच उठतो, पाहुणी त्याची पिशवी धरते, आणि दोघं जिना उतरतात. लोकांना वेड लागलं होतं तिचं. आमची भीती गेली, असं लोक कळवायचे. एका बाईने लिहिलं होतं, माझ्या आईसाठी तुमची पाहुणी आली असेल असं मी समजते. संपादकांनी ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा मी आत जाऊन तोंड धुऊन आले होते. अभिमान वाटला होता. आता हे सांगताना जीभ जड होते, पण वाटला होता.

चित्रं माझी नाहीत. चित्रं काढते ती चिमणी; एवढीशी पोरगी, पण हात असा की कागद तिला घाबरून असावा. गोष्टही तिचीच. ती चौकटी आखते, माणसं काढते, बोलण्याचे फुगे काढते आणि फुग्यात पेन्सिलीने मजकूर खरडून ठेवते. त्याच्यावर शाईने अक्षर घालणं आणि फुग्याला शाईची कड काढणं हे माझं काम. कुणी शिकवलेलं नाही. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांच्या मागे उभी राहून, बोलणी खाऊन शिकले. आधी फिक्या निळ्या पेन्सिलीने ओळी आखायच्या. ती निळी कागदावर दिसते, छपाईत उतरत नाही. मग टाकाने सगळ्या पानाची अक्षरं लिहायची, नुसती, उघड्या डोक्याची. शाई वाळली की शेवटी पट्टी धरून सगळ्यांच्या डोक्यावर रेघ मारायची, पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत एका बैठकीत. रेघ मारली की शब्द शब्द होतो. तोवर तो दांडीवर न घातलेल्या धुण्यासारखा असतो.

पाहुणीच्या बोलण्याला रेघ नाही. जगातली सगळी माणसं रेघेखाली बोलतात, ती एकटी बिनरेघेची बोलते, आणि तिच्या शब्दांभोवती फुग्याची कडही नाही. पांढऱ्यावर नुसती अक्षरं टेकलेली. हे सगळ्यांना फार आवडलं. संपादक बैठकीत सांगतात, आपण मुद्दाम ही शैली ठरवली, मऊ आवाजासाठी. ठरवली कसली. पहिल्या भागाचं पान करत होते, पाहुणी शेवटच्या चौकटीत पहिल्यांदा बोलणार होती. अक्षरं झाली होती, वरच्या चौकटींच्या रेघा मारत मी खाली येत होते, आणि फोन आला, की ह्यांना चक्कर आली, लिफ्टच्या खड्ड्यात काम करताना कोसळले, दवाखान्यात नेलंय. मी पट्टी टाकून उठले. पान तसंच छापायला गेलं. शेवटच्या चौकटीला ना रेघ ना कड. त्या दिवशी डॉक्टरांनी मूत्रपिंडं हा शब्द अनेकवचनात वापरला, आणि त्या आठवड्यात वाचकांनी पाहुणीच्या आवाजाचं कौतुक केलं. मरणाचा मऊ आवाज म्हणून जग ज्याला डोक्यावर घेतं, ती माझी तारांबळ आहे. हे मी कुणालाच सांगितलं नाही. चूक झाली म्हणायला जावं तर बक्षीस मिळालेलं.

घरी आल्यावर ह्यांना आडवं केलं, पायाखाली उशी दिली. मशीनच्या दिवशी पायात गोळे येतात, मग मी पोटऱ्या दाबत बसते. दाबता दाबता म्हटलं, "अहो, तिथे काय बोललात ते?"

"गंमत केली."

"गंमत नव्हती ती."

"नव्हती," हे म्हणाले. "कंटाळलो गं. एक दिवस मशीन. एक दिवस मशीनचा शीण. तिसऱ्या दिवशी परत मशीन. यात मी कुठे बसतो, दाखव बरं."

"इथे. माझ्यासमोर."

"समोर पडलेला आहे तो मी नाही. तो पेशंट आहे. मी डॉक्टरांशी बोललोय. ते म्हणाले, घरी बोला, विचार करा, पण निर्णय तुमचा. पुढच्या शुक्रवारपर्यंत येतो, मग बास."

पोटरीवरचा माझा हात तसाच राहिला. मी विचारलं, "आणि भीती नाही वाटत?"

"वाटायची. आधी फार वाटायची." मग हे तसेच हसले, जसे लग्नानंतर पहिल्यांदा बंद पडलेली लिफ्ट मला दाखवायला घेऊन गेले होते तेव्हा हसले होते. "आता ओळखीची झाली ना. एकच तक्रार आहे. जिने चढून येते बिचारी, धापा टाकत. लिफ्टवाल्याच्या घरी यायचं आणि जिन्याने? आपल्याकडे येईल तेव्हा लिफ्ट चालू असली पाहिजे हां."

मी पोटऱ्या दाबत राहिले. दुसरं काय करणार. माणूस आपल्या डोळ्यांदेखत सामान बांधतोय आणि त्याची पिशवी आपणच शिवून दिलेली आहे. लेकीला फोन केला, ती दुसऱ्या गावात असते, तिचं ऑफिस, तिचं पोर, तिच्याकडे कधीच वेळ नसतो आणि तरी ती फोन घेते. म्हणाली, "आई, बाबांचं शरीर आहे. त्यांना ठरवू दे."

"आणि माझा नवरा आहे, त्याचं काय?"

"आई, दोन्ही एकच माणूस आहे." मग तिचा आवाज फुटला, आणि मीच तिला समजावत बसले, की रडू नकोस, बाबा गंमत करतात, तुला माहितीये ना त्यांचं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, या घरात रडण्याचा नंबर लावावा लागतो आणि माझा शेवटचा आहे.

कोणी माझ्या बाजूचं नव्हतं. डॉक्टर शहाणे, लेक शहाणी, हे तर शहाण्यांचे शिरोमणी. मला शहाणपण नको होतं. मला हे हवे होते. पेशंट तर पेशंट, चिडके, निम्मा पेला पाण्यावरून माझ्याशी भांडणारे, पण समोर. सकाळी उठल्या उठल्या मी ह्यांच्या डाव्या हाताला कान लावते. सुया टोचायला तिथे रक्तवाहिन्या जोडून घेतल्यात, फिस्टुला म्हणतात, तिथे कातडीखाली रक्त असं वाहतं की भुंगा कोंडल्यासारखा आवाज येतो. तो थांबला तर पंचाईत, म्हणून रोज ऐकायचं. "वाहतंय का?" हे विचारतात. "वाहतंय," मी सांगते. दुसरी बायको नवऱ्याला चहा देते, मी भुंगा ऐकते. तो आवाज मी मुद्दाम जास्त वेळ ऐकते, हे ह्यांना माहीत नाही. आणि पाहुणी येणार, चपला काढणार, पाणी मागणार, आणि माझा कान मी कशाला लावायचा?

आणि ती तशी नाहीच. हे मला चांगलं माहीत आहे. माझी आई माझ्या वेण्या घालत होती. शाळेची वेळ, ती खुर्चीवर, मी तिच्या पायाशी, रिबिनीचं टोक माझ्या दातांत. डावी वेणी झाली होती. उजवीचे तीन पेड तिने हातात घेतले, आणि मग हात सैल पडले. मला वाटलं हिला परत विंचरायचंय. मी म्हटलं, आई, उशीर होतोय. मग ती माझ्या पाठीवर रेलली, आणि मला तिचं वजन लागलं, झोपलेल्या माणसाचं लागतं त्याहून जास्त. त्यानंतर घर माणसांनी भरलं. मी दिवसभर एक वेणी घातलेली आणि एका बाजूने केस मोकळे अशी त्या माणसांमधून फिरत होते, कुणी पाणी आण म्हटलं तर पाणी आणत होते, आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही. संध्याकाळी काकूने बघितलं. "अगं बाई, ही पोर बघा," म्हणाली, आणि बसून उजवी वेणी घालायला लागली, पण तिचा हात वेगळा होता, घट्ट. मी ती सोडून टाकली. हातातलं होऊ द्या म्हणे. दोन मिनिटांचं काम होतं. कुणी होऊ दिलं? आणि मी, जिला हे ठाऊक होतं, ती बसून दर आठवड्याला ते वाक्य जीव लावून लिहीत होते. बहुधा म्हणूनच लिहीत होते. लिहून लिहून ते खरं होईल असं वाटत असेल. पण आपण एखादं खोटं प्रेमाने सांगावं आणि घरातल्याच माणसाने ते खरं धरून उठून चालू लागावं, याची तयारी माझी नव्हती.

सोमवारी मशीन झाल्यावर ह्यांना घरी सोडून ऑफिसात गेले तेव्हा चिमणीने नवं पान आणून ठेवलं. एक म्हातारी मांजरासाठी बशीत दूध ओततेय, दारात पाहुणी. मी म्हटलं, "तुझ्या पाहुणीला जरा भयानक कर ना. दात काढ तिला."

चिमणीने पेन्सिल खाली ठेवली. "ताई, बरं आहे ना तुम्हाला?"

"या एका भागापुरतं. लोकांना जरा धाक नको का?"

"ताई, ती माझी आजी आहे. माझ्या आजीला दात नव्हतेच." मग हळूच म्हणाली, "काका बरे आहेत ना?" मी म्हटलं, छान आहेत, आणि निळी पेन्सिल हातात घेऊन ओळी आखायला लागले. तिला काय सांगणार? की तुझ्या आजीच्या प्रेमात पडून माझा नवरा निघालाय?

मी ते पान नेहमीसारखं पुरं केलं. पण शाई घालण्याआधी त्याची एक झेरॉक्स काढून पिशवीत ठेवली; फिकी पेन्सिल तीत उतरली नाही, फुगे रिकामेच आले. दर आठवड्याला अंक छापून यायच्या आधी मी पानाची एक प्रत घरी नेते. हे पहिले वाचक, ही आमच्या घरची रीत. मंगळवारी ह्यांना जरा झोप लागली तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तेच पान दुसऱ्यांदा लिहायला बसले, एका वाचकासाठी. म्हातारीचं बोलणं तसंच ठेवलं. पाहुणीच्या शब्दांभोवती काटेरी कड काढली, चौकटीच्या बाहेर टोकं येतील अशी. आत अक्षरं लिहिली, बारीक, टोकदार, आणि त्यांच्यावर पट्टी धरून रेघ मारली. अशी जाड रेघ मी कधी मारली नव्हती. दरवाजाला आतून अडसर घालतात तशी. आणि शब्दही बदलले. चिमणीचं वाक्य टाकून दिलं आणि लिहिलं : "ठेवा ते. असेल तसं टाका. चला." हात जराही हलला नाही माझा. हलायला हवा होता.

चहाच्या वेळी मी ते पान ह्यांच्यापुढे ठेवलं आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. कागदाचा आवाज थांबला. मग हे म्हणाले, "आज पाहुणीचा घसा बसलाय वाटतं." गंमतच केली, पण मी वळून बघितलं तर चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि दोन्ही हात त्या पानावर पालथे ठेवले होते, वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवतात तसे. वारा नव्हता. "हे असंच छापणार?" मी म्हटलं, "हो." "रेघेसकट?" मी म्हटलं, "रेघेसकट."

हे पूर्वी सांगायचे, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतल्या माणसाला आधी आवाज द्यायचा. मशीन नंतर, आवाज आधी. "मी इथेच आहे, वरच, हात लांब केला तर लागेल इतका जवळ." कारण घाबरलेला माणूस सगळी बटणं दाबतो, एकदम, आणि त्यानेच लिफ्ट जास्त अडकते. त्या मंगळवारपासून ह्यांनी सगळी बटणं दाबली. डॉक्टरांना फोन केला, मग परत केला, आधीचा लागला होता की नाही हे विचारायला. न्हाणीघराची कडी लावेनात. भुंगा सकाळी एकदा ऐकायचा, तर हे तासातासाला हात माझ्या कानाला आणून लावायचे, "वाहतंय का? नीट ऐक, वाहतंय का?" मी दुसऱ्या खोलीत गेले तर हाक. हाकेला ओ दिली तर काही नाही म्हणायचे, आणि मी परत वळले की हाक. बुधवारी पहाटे उठून बूट घालून दारात बसले, आणि मशीनवर घेतल्या घेतल्या सिस्टरला म्हणाले, "माझी खुर्ची कुणाला देऊ नका हां. मी गंमत केली होती." सिस्टर म्हणाली, "कळलं होतं मला, काका." शेजारचे मास्तर या वेळी हसले नाहीत. एका डोळ्याने माझ्याकडे बघून त्यांनी तो मिटला.

जिंकले होते मी. पहिला दिवसभर मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. असा आनंद की भाजी चिरताना गुणगुणले. राहणार, येणार, परवा येणार, सोमवारी येणार. मग बुधवारी परत येताना गाडीत ह्यांनी माझं मनगट धरलं होतं ते उतरेपर्यंत सोडलं नाही, आणि घरी येऊन मी बघितलं तर पाची बोटं उठली होती. या माणसाने उभ्या आयुष्यात मला कधी जोरात धरलं नव्हतं. मी समोर बसले आणि चेहऱ्याकडे बघितलं. डोळे सारखे दाराकडे जात होते. हे जिवंत होते, माझ्यासमोर होते, आणि मीच ह्यांना दोन मजल्यांच्या मध्ये अडकवून ठेवलं होतं, आणि आवाज देण्याची माझ्यात हिंमत नव्हती. काय म्हणणार होते? घाबरू नका, ते मीच होते? सांगावं तर हे शुक्रवारी थांबणार. न सांगावं तर हे असे. मी ओट्यापाशी जाऊन तीच तीच कपबशी धुतली. कुठलीच बाजू धरता येईना, आणि दोन्ही बाजूंना हेच उभे.

शुक्रवारी अंक आला. हे मी विसरले होते असं नाही; मी तो विचार ढकलत ढकलत शुक्रवारपर्यंत आणला होता. ह्यांना सुया लावून झाल्यावर सिस्टर खिशातून घडी केलेला अंक काढून म्हणाली, "काका, तुमची पाहुणी. आज मांजरवाली आहे, मी सकाळीच वाचली. रडवलं हो." हे म्हणाले, नको. ती म्हणाली, "अहो बघा तरी," आणि मांडीवर शेवटचं पान उघडून ठेवून गेली.

ह्यांनी पान बघितलं. म्हातारी बशीत दूध ओतत होती. पाहुणी दारात होती, आणि पांढऱ्यावर, कड नाही, रेघ नाही, तिचं वाक्य टेकलेलं होतं : घाई नाही. हातातलं होऊ द्या. पुढच्या चौकटीत मांजर दूध पीत होतं आणि दोघी बसून बघत होत्या. मशीनचा पंप फिरत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन केलीस?"

मी पर्सची चेन उघडली, परत लावली.

"एक जगासाठी, एक माझ्यासाठी."

"हो."

"बरं झालं. लग्नात तुझ्याकडून खास माझ्यासाठी असं काही आलं नव्हतं." हसले नाहीत पण. "का गं?"

"तुम्ही घाबरायला हवे होतात मला. घाबरलात तर राहाल असं वाटलं." माझा आवाज असा निघाला की मास्तरांनी मान दुसरीकडे वळवली. "तशी नसते हो ती. मी बघितलीये. तुम्ही त्या शेवटच्या पानावरच्या बाईच्या भरवशावर निघालात, आणि ती बाई नाहीच आहे. शाई आहे नुसती. माझी शाई आहे."

"तेच तर," हे म्हणाले. उजवा हात त्यांनी पानावर ठेवला, बिनरेघेच्या शब्दांवर. "मी दवाखान्यात पडलो होतो त्या दिवशी, आणि तू आलीस. तुझ्या बोटांना ओली शाई होती. माझ्या चादरीला लागली, नर्स ओरडली तुझ्यावर, आठवतंय? मग आठवड्याने अंक आला. सगळ्या पानाला रेघा, शेवटच्या चौकटीला नाही. लोक म्हणाले शैली. मी म्हटलं, शैली कसली, ही इथून उठली. बरोबर इथून." थांबले, श्वास घेतला. "तेव्हापासून मी दर आठवड्याला तेवढंच वाचतो. ती बाई काय म्हणते त्याच्याशी मला कर्तव्य नाही. तू टाकून उठलीस, तेवढं बघतो. मला वाटायचं, माझी वेळ येईल तेव्हाही तू अशीच येशील, अर्धं टाकून. म्हणून भीती गेली होती."

मी सरकून खुर्चीच्या आणखी जवळ बसले.

"आणि मंगळवारी ती रेघ बघितली. पट्टी लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. 'चला' म्हणाली त्याचं काही नाही गं. काटेही ठीक. पण रेघ. म्हटलं, या वेळी हिला फोनच गेला नाही. ही बसून आपलं काम पुरं करतेय, आणि मी खड्ड्यात एकटा आहे." त्यांनी डोळे मिटले. "चार दिवस एकटा होतो मी. परत तसं नको करूस. मारायचं तर मार, पण तसं नको."

मी ह्यांचा हात घेतला, सुयांचा, आणि कोपराजवळ, पट्टीच्या वर, डोकं टेकलं. तिथूनही भुंगा ऐकू येतो. वाहत होतं. सगळं जग बसलं होतं आजूबाजूला, आणि मी तशीच वाकून राहिले, पाठीला कळ लागली तरी. मला क्षमा मागायची होती, आणि त्याहून जास्त मला अजूनही तेच हवं होतं, तसूभर कमी नाही : सोमवार हवा होता, बुधवार हवा होता. प्रेमाला लाज नसते म्हणतात ते खरं असावं. इतकं ऐकूनही माझा जीव हिशेब घालत होता, की भीती गेली म्हणजे आता हे थांबणार.

मशीन संपल्याची पिपाणी वाजली. सिस्टरने सुया काढल्या, कापूस दाबायला दिला, आणि वही घेऊन उभी राहिली. "काका, आज एकदा नक्की काय ते सांगा हं. आधी नको म्हणालात, मग हवं म्हणालात. बाहेर लोक खुर्चीसाठी थांबलेत. सोमवारी नाव घालू की नको?"

हे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत दार नव्हतं आता, मीच होते. थकलेले, इतके थकलेले की मला पहिल्यांदा दिसलं. दिसत होतं रोजच, बघितलं पहिल्यांदा. "हिला विचारा," हे म्हणाले.

सगळं आयुष्य मी दुसऱ्यांचे फुगे भरत आले. आत काय लिहायचं ते कुणीतरी आधी पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असायचं. आता माझ्या डोक्यावर एक रिकामा होता, आणि त्यात कुणी काही खरडलेलं नव्हतं. सिस्टरने पेनचं टोपण काढलं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मी म्हटलं, "नका घालू."

ह्यांच्या अंगातून काहीतरी सुटलं, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट हलते तेव्हा बारीकसा धक्का बसतो, तसं. कापूस दाबलेला त्यांचा हात सैल झाला, मी तो परत दाबून धरला. सिस्टर "बरं" म्हणाली, वही मिटायला लागली, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "थांबा!" सगळ्या खुर्च्यांनी माना वळवल्या. "घाला. पण पेन्सिलीने घाला."

"पेन्सिल कुठली हो इथे," सिस्टर म्हणाली.

मी पर्स उघडली. घाईत किल्ल्या खाली पडल्या. फिकी निळी तळाशी होती. मी ती तिच्यापुढे धरली. तिने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी बघितलं ते निळ्या पेन्सिलीकडे, मग माझ्याकडे, आणि ओठ जरासे हलले. हसले की नाही ते सांगता येणार नाही, पण नको म्हणाले नाहीत. सिस्टरने सोमवारच्या पानावर नाव लिहिलं. लांबून बघितलं तर तिथे काहीच नव्हतं. मी पुढे होऊन, वाकून, डोळे बारीक करून बघितलं. होतं.